प्रश्नाचा पूर्ण पत्ता

श्रावण सरून भाद्रपद लागला की चांदूर रेल्वेच्या शिवारात पऱ्हाटी कमरेच्या वर जाते, पात्या-फुले धरू लागते, आणि बोंडअळीच्या धास्तीने पाठीवर पंप बांधलेली माणसे तासातासाने फवारणी करीत फिरू लागतात. याच दिवसांत वऱ्हाडातील रुग्णालयांत घामाने थबथबलेले, तोंडातून लाळ गळणारे, श्वासासाठी धडपडणारे आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आकसलेले रुग्ण दाखल होऊ लागतात. डॉक्टर तत्काळ अॅट्रोपिन सुरू करतात. त्याच्या उपयुक्ततेविषयी वैद्यकात दुमत नाही. दुमत आहे ते त्याच्या जोडीने दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या इंजेक्शनाविषयी, म्हणजे प्रॅलिडॉक्सिमविषयी, ज्याला आपल्याकडील डॉक्टर थोडक्यात 'पॅम' म्हणतात.

या औषधासंबंधी दोन प्रयोगांचे निकाल शेजारी-शेजारी मांडले तर वाचक बुचकळ्यात पडल्यावाचून राहणार नाही. पहिला प्रयोग महाराष्ट्रातलाच, बारामतीचा. तो २००६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात २०० रुग्ण होते. ज्या १०० जणांना पॅमची मोठी मात्रा शिरेतून अखंड दिली गेली त्यांपैकी १ दगावला, आणि ज्या १०० जणांना तेच औषध दर चार तासांनी लहान मात्रेत दिले गेले त्यांपैकी ८ दगावले. दुसरा प्रयोग श्रीलंकेतला, २००९ साली प्रसिद्ध झालेला, २३५ रुग्णांचा. त्यात पॅम मिळालेल्या १२१ रुग्णांपैकी ३० मरण पावले, तर पॅमऐवजी नुसते सलाईन मिळालेल्या ११४ रुग्णांपैकी १८. हा दुसरा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकेल एवढाच असला, तरी पॅममुळे जीव वाचतात असा दाखला त्यातून कोणत्याही परिस्थितीत निघत नाही.

मग पॅम तारते की नाही? दोन्ही प्रयोग जाणत्या वैद्यांनी केलेले; दोहोंत कोणता उपचार कोणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकाव्या तसे यदृच्छेने ठरवलेले. कोणता खरा मानावा, असा सवाल आपण सहज करून बसतो, आणि तेथेच आपली फसगत होते. कारण हे दोन प्रयोग एकाच प्रश्नाची दोन उत्तरे देत नसून दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. ते कसे, हे उलगडून पाहणे म्हणजेच संशोधनाचा प्रश्न कसा मांडावा हे शिकणे होय.

विष आणि उतारा

आपल्या मज्जातंतूंकडून स्नायूंना व ग्रंथींना जो संदेश जातो तो अॅसिटिलकोलिन नावाच्या द्रव्यामार्फत. संदेश पोहोचताच हे द्रव्य नष्ट करण्याचे काम एक विकर करते; विकर म्हणजे शरीरातील रासायनिक घडामोडी घडवून आणणारे प्रथिन. ऑर्गनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशक त्वचेतून, श्वासातून वा तोंडावाटे शरीरात गेले की ते नेमके या विकराला चिकटून त्याला निकामी करते. संदेश थांबतच नाही; ग्रंथी पाझरत राहतात, फुप्फुसांत द्रव साचतो, स्नायू प्रथम थरथरतात आणि मग लुळे पडतात. अॅट्रोपिन ग्रंथी, हृदय आणि फुप्फुसे यांवरील हा मारा अडवते, परंतु लुळ्या पडलेल्या स्नायूंवर त्याचा इलाज चालत नाही. पॅमकडून अपेक्षा आहे ती विकराला चिकटलेले विष सोडवून विकर पुन्हा कामावर रुजू करण्याची. विल्सन आणि गिन्सबर्ग या संशोधकांनी १९५५ साली हे द्रव्य पुढे आणले आणि काही वर्षांतच ते रुग्णांवर वापरात आले.

येथे काळाची एक अट आडवी येते. विष चिकटून काही काळ लोटला की ती जोड इतकी पक्की होते की पॅमलाही ती सोडवता येत नाही. मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट यांच्या गटातील विषाच्या बाबतीत चिकटलेल्या विकरापैकी निम्मे सुमारे ३.७ तासांत कायमचे बाद होते. क्लोरपायरिफॉस, क्विनालफॉस यांच्या गटात त्यालाच सुमारे ३३ तास लागतात. म्हणजे पहाटे विषबाधा होऊन दुपारी रुग्णालयात पोहोचलेल्या दोघांपैकी एकाच्या बाबतीत औषधाला वाव उरलेला असेल आणि दुसऱ्याच्या बाबतीत तो जवळजवळ संपलेला असेल. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढील विवेचन सुलभ होईल.

पद्धतशीर आढावा म्हणजे काय

एकाच विषयावर निरनिराळ्या ठिकाणी झालेल्या संशोधनातून एकत्रित निष्कर्ष काढण्याची गरज जुनी आहे. आंत्रज्वराची लस सैनिकांना कितपत उपयोगी पडते हे ठरविण्यासाठी कार्ल पिअर्सन या गणितज्ञाने १९०४ साली दक्षिण आफ्रिका व हिंदुस्थान येथील फौजांचे आकडे एकत्र केले, आणि ते परस्परांशी इतके विसंगत आढळले की आधी नीट प्रयोग करून पाहावा अशी शिफारस करून तो थांबला. पुढे वैद्यकीय नियतकालिकांचा पसारा वाढला तसा कोणी नामांकित तज्ज्ञ आपल्या वाचनातले व स्मरणातले निबंध घेऊन समालोचन लिहू लागला. त्यात विद्वत्ता असे. परंतु कोणते निबंध घेतले, कोणते वगळले आणि का, याचा जाब विचारण्याची सोय वाचकाला नसे.

पद्धतशीर आढाव्याने ही सोय केली. एक प्रश्न ठरवायचा. त्यावर जगभर झालेले सर्व संशोधन, प्रसिद्ध असो वा अप्रसिद्ध, आधी जाहीर केलेल्या रीतीने शोधायचे. प्रत्येक निबंध एकाच कसोटीवर तपासायचा. आणि निष्पत्ती परस्परांत मिसळण्याजोग्या असतील तरच त्यांची गणिती बेरीज करायची, असा हा शिरस्ता आहे. १९९३ साली ऑक्सफर्ड येथे सुरू झालेल्या कॉक्रेन या संघटनेने तो वैद्यकात रूढ केला. भारतात या विषयाची ओळख करून देणाऱ्या लेखनापैकी एक महत्त्वाचे लेखन म्हणजे मधुकर पै, वेल्लोरचे प्रताप थरियन व त्यांचे सहकारी यांनी २००४ साली 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया'त प्रसिद्ध केलेली सचित्र मार्गदर्शिका. या शिरस्त्यात शोध, निवड, तपासणी आणि बेरीज अशा अनेक पायऱ्या असल्या, तरी त्या साऱ्या पहिल्या पायरीच्या, म्हणजे प्रश्नाच्या, ताबेदार आहेत. प्रश्न सैल असेल तर पुढची काटेकोर मेहनतही निष्फळ होते.

दोन चांदूर

आमच्या अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. एक मुंबई-नागपूर लोहमार्गावर, बडनेऱ्याच्या पुढे, ते चांदूर रेल्वे. दुसरे उत्तरेकडे, अचलपूरच्या बाजूला, ते चांदूर बाजार. दोन्ही तालुक्याची गावे. पाकिटावर नुसते 'चांदूर, जिल्हा अमरावती' एवढेच लिहिले तर पत्र कोठे तरी पोहोचेल खरे, परंतु ते योग्य माणसाच्या हाती पडेल याची हमी कोणी देऊ शकणार नाही. आणि उत्तर आले तरी ते कोणत्या चांदुराहून आले हे पाहिल्यावाचून त्याचा उपयोग नाही.

'पॅम उपयोगी आहे का?' हा प्रश्न असाच अर्धवट पत्त्याचा आहे. पत्ता पुरा करण्यासाठी १९९५ साली रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चौकट सुचविली. तिच्यातील चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ती 'पिको' या नावाने प्रसिद्ध आहे. आपल्या भाषेत ते चार रकाने असे: रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी, आणि फलित काय. कोणत्याही उपचाराविषयीचा प्रश्न या चार रकान्यांत बसवून पाहिला की त्यातली पोकळी कोठे आहे हे आपोआप उघडे पडते. ते चारही रकाने आता पॅमच्या बाबतीत क्रमाने भरून पाहू.

पहिला रकाना : रुग्ण कोण

'फवारणीची विषबाधा झालेला रुग्ण' असे आपण बोलण्यात म्हणतो. परंतु आढाव्याला एवढ्याने भागत नाही. विष कोणत्या वर्गाचे? कीटकनाशकांचे अनेक वर्ग आहेत, आणि ज्यांचा या विकराशी संबंधच नाही अशा विषांवर पॅमचा उतारा लागू पडण्याचे कारण नाही. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले, तेव्हा एकाच पंपात दोन-तीन औषधे मिसळून मारण्याची रीत सर्रास असल्याचे समोर आले. अशा रुग्णाला कोणत्या वर्गात घालावे, हे प्रश्न ठरवणाऱ्याने आधीच ठरवले पाहिजे. निबंध हाती आल्यावर ठरवू, असे म्हणून चालत नाही.

वर्ग ठरला तरी तीव्रता उरते आणि वेळ उरते. बारामतीच्या प्रयोगातील रुग्ण मध्यम तीव्रतेचे होते, ते तुलनेने लवकर रुग्णालयात पोहोचले होते आणि त्यांना अतिदक्षता विभागाची सोय उपलब्ध होती. श्रीलंकेतील प्रयोग सरकारी रुग्णालयांत झाला आणि तेथे दाखल होईतो बऱ्याच जणांचा अधिक वेळ गेला होता. विकर कायमचे बाद होण्याची मुदत आपण वर पाहिली. ती पाहता या दोन रुग्णसमूहांना एकाच नावाने संबोधणे कितपत रास्त आहे, याचा विचार वाचकानेच करावा. आणखी एक भेद अनेकदा दुर्लक्षिला जातो: फवारताना अंगावर उडून झालेली विषबाधा आणि विष पोटात जाऊन झालेली विषबाधा यांत विषाची मात्रा फार निराळी असते. पॅमचे प्रयोग मुख्यत्वे दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांवर झालेले आहेत. शिवारातून आलेल्या मजुराला त्यांचे निष्कर्ष लावताना हे भान सुटता कामा नये.

दुसरा रकाना : उपाय कोणता

औषधाचे नाव लिहिले की हा रकाना भरला असे वाटते, तसे नाही. किती, कशा रीतीने, किती वेळ आणि कोणत्या रूपात, हे सारे त्यात यावे लागते. बारामतीत आरंभी २ ग्रॅम आणि नंतर ४८ तास ताशी १ ग्रॅम पॅम अखंड दिले गेले. श्रीलंकेत आरंभी २ ग्रॅम आणि नंतर ताशी अर्धा ग्रॅम, पण सात दिवसांपर्यंत. शिवाय बारामतीचे पॅम आयोडाइडच्या रूपातले आणि श्रीलंकेचे क्लोराइडच्या रूपातले होते. आयोडाइडचा रेणू अधिक जड असल्याने त्याच्या १ ग्रॅममध्ये उपयोगी भाग क्लोराइडच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो. म्हणजे कागदावर दुप्पट दिसणारी मात्रा प्रत्यक्षात सव्वापटीच्या आसपास भरते. असे तपशील प्रश्नातच नमूद नसतील तर आढावा लिहिणारा ग्रॅमला ग्रॅम जोडून मोकळा होईल.

तिसरा रकाना : तुलना कशाशी

आरंभीच्या कोड्याची किल्ली या रकान्यात आहे. श्रीलंकेत पॅमची तुलना सलाईनशी केली. म्हणजे प्रश्न होता, 'पॅम द्यावे की देऊ नये?' बारामतीत दोन्ही बाजूंच्या रुग्णांना पॅम मिळाले होते. तेथे प्रश्न होता, 'पॅम द्यायचेच, तर अखंड आणि मोठ्या मात्रेत द्यावे की थांबून-थांबून लहान मात्रेत?' बारामतीचा निकाल शब्दशः खरा मानला तरी मुळात पॅम न दिलेल्या रुग्णांचे काय झाले असते, याविषयी तो मुका आहे. दोन निकालांत विरोध आहे असे वाटले ते तुलनेचा रकाना वाचकाने कोरा सोडल्यामुळे.

वैद्यकाबाहेरही हा रकाना सर्वांत जास्त वेळा रिकामा राहतो. अमुक बियाणे चांगले, तमुक खत गुणकारी, असे म्हटले जाते तेव्हा 'कशाच्या मानाने?' असा प्रतिप्रश्न केला की निम्मे दावे जागीच गळतात.

चौथा रकाना : फलित काय

श्रीलंकेच्या प्रयोगातील सर्वांत विचारप्रवर्तक गोष्ट अशी की पॅममुळे रक्तातील विकर खरोखरच पुन्हा कार्यक्षम झाले होते. फलित म्हणून 'रक्तातील विकराचे प्रमाण' हे माप धरले असते तर हे औषध यशस्वी ठरले असते. 'मृत्यू' हे माप धरले तेव्हा ते यश दिसले नाही. प्रयोगशाळेतील माप सुधारणे आणि माणूस वाचणे या निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी गृहीत धरण्याची चूक वैद्यकाच्या इतिहासात पुनःपुन्हा झालेली आहे. म्हणून फलित निवडताना रुग्णाच्या व त्याच्या घरच्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे काय, हे पहिले पाहावे: जीव वाचला का, श्वासयंत्र लागले का, लागल्यास किती दिवस, आणि माणूस पुन्हा कामाला उभा राहिला का. किती दिवसांनंतरचे फलित मोजायचे तेही लिहून ठेवावे.

प्रश्न किती रुंद असावा

चार रकाने भरले की आणखी एक निर्णय उरतो. प्रश्न रुंद ठेवला, उदाहरणार्थ 'कोणत्याही ऑर्गनोफॉस्फेट विषबाधेत कोणत्याही मात्रेतील पॅमचा मृत्यूवर परिणाम काय?' तर पुष्कळ प्रयोग हाती लागतात, निष्कर्ष अनेकांना लागू पडण्याची शक्यता वाढते. पण ज्यांची बेरीज करू नये त्यांची बेरीज होण्याचा धोका पत्करावा लागतो. प्रश्न अरुंद केला, उदाहरणार्थ 'डायमेथोएटची विषबाधा होऊन दोन तासांच्या आत दाखल झालेल्या प्रौढांत...' तर उत्तर नेमके मिळेल, परंतु त्या वर्णनात बसणारा एकही प्रयोग नसण्याचा संभव मोठा.

यातून व्यवहारी वाट अशी काढतात की मुख्य प्रश्न बेताचा रुंद ठेवायचा, आणि ज्या भेदांमुळे उत्तर पालटेल असे मानण्यास शास्त्रीय आधार आहे ते भेद उपगट म्हणून आधीच नोंदवायचे. पॅमच्या बाबतीत विषाचा गट, दाखल होईपर्यंत गेलेला वेळ आणि आरंभीची तीव्रता हे ते भेद होत. 'आधीच' या शब्दावर भर द्यायचा तो याकरिता की उपगट पुष्कळ पाडले तर त्यांपैकी एखाद्यात केवळ योगायोगाने औषध गुणकारी दिसणारच.

मसुदा आधी, निकाल नंतर

निकाल पाहिल्यानंतर प्रश्न ठरवणे हा या क्षेत्रातील मोठा प्रमाद समजला जातो. कोणी बारामतीचा निबंध वाचून प्रभावित झाला आणि मग 'मध्यम तीव्रतेच्या रुग्णांत अखंड मात्रा' एवढ्यापुरताच आपला प्रश्न आखून बसला, तर त्याने शोध न घेता निकालच निवडला असे होईल; आणि श्रीलंकेच्या निबंधाकडे पाहून उलट बाजूने सीमा आखणारा तितकाच दोषी. यात लबाडी असलीच पाहिजे असे नाही. आपल्या मताला अनुकूल अशी सीमा रास्त वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे, आणि त्याचसाठी त्याला कागदाचे बंधन घालावे लागते.

सबब आढाव्याचा मसुदा आरंभीच लिहून जाहीर करण्याची पद्धत पडली. ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठाने २०११ साली 'प्रॉस्पेरो' नावाचे सार्वजनिक नोंदणी-दफ्तर उघडले. तेथे आपला प्रश्न, निवडीच्या अटी आणि फलिते आगाऊ नोंदवता येतात. पुढे काही बदल करावा लागला तर करता येतो, पण तो का व केव्हा केला हे सर्वांना दिसते. त्याच दफ्तरात आधी चाळून पाहिले म्हणजे आपलाच प्रश्न दुसऱ्या कोणी हाती घेतला आहे का, हेही कळते आणि वर्षभराची दुहेरी मेहनत टळते.

मसुद्यातील प्रश्न शोधकार्यालाही दिशा देतो. ग्रंथालयांच्या संगणकीय सूच्यांत शोध घेताना सहसा पहिल्या दोन रकान्यांतील शब्द, म्हणजे येथे ऑर्गनोफॉस्फेट आणि प्रॅलिडॉक्सिम यांची सर्व पर्यायी नावे, वापरतात. तुलना व फलित यांचे शब्द शोधात घालण्याचे टाळतात, कारण निबंधाच्या सारांशात त्यांचा उल्लेख असतोच असे नाही आणि एवढ्याखातर एखादा मोलाचा निबंध निसटून जायचा. ते दोन रकाने पुढे, सापडलेल्या निबंधांची छाननी करताना, कामी येतात.

प्रश्न पालटला की पुराव्याची जातही पालटते

समजा, जिल्ह्याच्या आरोग्य खात्याने विचारले, 'विषबाधा झाल्यावर काय द्यावे हे राहू द्या. ती होऊच नये म्हणून अत्यंत घातक कीटकनाशकांवर बंदी घातली तर मृत्यू घटतात का?' आता पहिल्या रकान्यात रुग्ण उरला नाही, तेथे एक सबंध देश वा प्रांत आला. उपाय म्हणजे सरकारी हुकूम. तुलना म्हणजे बंदीपूर्वीची वर्षे. देशांच्या चिठ्ठ्या टाकून निम्म्यांत बंदी घालता येत नाही; म्हणून येथे बंदीच्या आधीचे व नंतरचे मृत्यूंचे दप्तर हाच पुरावा होय. २०१७ साली असा एक आढावा 'लॅन्सेट'च्या जागतिक आरोग्यविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात १६ देशांतील पुरावा तपासला होता. त्या आढाव्याला 'यदृच्छ प्रयोगच घेऊ' अशी अट घातली असती तर हाती काहीच लागले नसते.

काही प्रश्नांत तर उपाय हा रकानाच नसतो. चांदूरहून त्याच लोहमार्गाने पुढे गेले की सेवाग्राम लागते. तेथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे डॉ. रजनीश जोशी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील आरोग्यसेवकांत क्षयरोगाचे प्रमाण किती, याचा पद्धतशीर आढावा प्रसिद्ध केला. तेथे औषध नव्हते. 'उपाया'च्या जागी क्षयरुग्णांच्या सहवासात काम करण्याचा 'संसर्ग-प्रसंग' होता. ५१ अभ्यासांतून निघाले की सुप्त क्षयसंसर्गाचे प्रमाण आरोग्यसेवकांत सरासरी ५४ टक्के होते. प्रश्नाची जात ओळखून चौकट सैल वा घट्ट करावी लागते. प्रश्नाला चौकटीत कोंबायचे नसते.

'ठाऊक नाही' हेही उत्तर

आता पॅमच्या आढाव्यात शेवटी काय निघाले ते पाहू. २००५ साली कॉक्रेनच्या आढाव्यात या प्रश्नावर अवघे २ यदृच्छ प्रयोग सापडले, दोन्ही वेल्लोरचे, मिळून १८२ रुग्ण. २०११ साली तोच आढावा नव्याने केला तेव्हा प्रयोगांची संख्या ७ झाली होती. त्यांपैकी ३ प्रयोगांत, मिळून ३६६ रुग्णांत, पॅमची तुलना निष्क्रिय द्रवाशी होती; उरलेल्या ४ प्रयोगांत, ४७९ रुग्णांत, एका मात्रेची दुसऱ्या मात्रेशी. तुलनेचा रकाना भरलेला असल्याने संशोधकांनी या दोन ढिगांची सरमिसळ केली नाही. निष्पत्ती लाभापासून हानीपर्यंत पसरलेल्या होत्या. मात्रा निरनिराळ्या, उपचारास विलंब मोठा, आणि विषाच्या गटाचा विचार बहुतेकांनी केलेला नव्हता. पॅम हितकारक की अहितकारक हे ठरवण्यास उपलब्ध पुरावा अपुरा आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला.

एवढा खटाटोप करून हाती 'ठाऊक नाही' एवढेच आले, असे कोणी म्हणेल. परंतु हे अज्ञान आणि खटाटोपापूर्वीचे अज्ञान यांत महदंतर आहे. पूर्वी एक डॉक्टर पॅमवर विसंबून होता आणि दुसरा त्याला नावे ठेवीत होता, व दोघांच्याही हाती आपापल्या सोयीचा एकेक निबंध होता. आता पुढील प्रयोगात कोणती माहिती असलीच पाहिजे याची यादी तयार आहे: विष कोणत्या गटाचे ते रक्ततपासणीने ठरवा, दाखल होण्याची वेळ नोंदवा, मात्रेचे क्षाररूप सांगा, आणि तुलना सलाईनशी आहे की दुसऱ्या मात्रेशी हे स्पष्ट करा. नीट मांडलेल्या प्रश्नाने उत्तर मिळाले नाही तरी उणीव नेमकी कोठे आहे ते कळते. सैल प्रश्नाला मात्र उत्तर नेहमीच मिळते, आणि बहुधा ते विचारणाऱ्याला हवे असते तेच मिळते.

येथील विवेचन उपचाराचा सल्ला नव्हे. फवारणीनंतर मळमळ, घाम, धूसर दृष्टी वा दम लागला तर विषारी कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि वापरलेल्या औषधाचे वेष्टन वा डबा सोबत घेऊन विनाविलंब रुग्णालय गाठावे. वेष्टनावरचे ते नाव रुग्णाच्या कामाचे आहे, आणि पहिला रकाना अचूक भरू पाहणाऱ्या संशोधकाच्याही.

चौकट : प्रश्न मांडण्यापूर्वी

१. रुग्ण कोण : रोगाचे वा विषाचे स्वरूप, तीव्रता, वेळ आणि उपचाराचे ठिकाण लिहा.
२. उपाय कोणता : मात्रा, रीत, कालावधी व रूप नमूद करा.
३. तुलना कशाशी : काहीच न देणे, नेहमीचा उपचार की त्याच औषधाची दुसरी मात्रा, हे ठरवा.
४. फलित काय : रुग्णाला महत्त्वाचे ते आधी, प्रयोगशाळेतील माप नंतर. मोजण्याची मुदत ठरवा.
५. या प्रश्नाला कोणत्या जातीचा पुरावा शोभतो ते पाहा.
६. उत्तर ज्यामुळे पालटू शकेल असे मोजकेच उपगट आगाऊ नोंदवा.
७. हाच प्रश्न कोणी आधी हाती घेतला आहे का ते तपासा.
८. मसुदा जाहीर करा; त्यानंतरच पहिला निबंध उघडा.